हाताचं माप

इंदोरा, नागपूर
रविवार, ६ फेब्रुवारी १९८३

चिरंजीव लहानूस दादाचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र परवा भेटलं, संग ते रंगीत पुस्तकही भेटलं. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. तुझ्या वहिनीचं गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे, पण बाजारात जाचं म्हटलं का गुडघे आपोआप बरे होतात. जयवंता मजेत आहे. तुझ्या लेकीचा अभ्यास चालू आहे. आता मशिनीचं.

पुस्तक मी चार वेळा पाहिलं. इंग्रजी आपल्याले येत नाई, पण चित्रं समजतात. तू लिहिलं का मस्कतच्या तुमच्या गॅरेजात कॉम्प्रेसर बाजूले ठेवून रंगासाठी ह्या टर्बाइनच्या मशिनी आणल्या. टाकी नाई, पट्टा नाई, डब्यात नुसते पंखे, अन् त्या पंख्याची हवा नळीतून रंगाच्या बंदुकीत. खरं सांगू का, आधी मले पटलंच नाई. तुझ्या वहिनीले म्हटलं, लहानू तिकडे जाऊन चाट्या माराले शिकला. पंख्याच्या हवेनं कुठं गाडी रंगते का गा? तू इंजिनातला माणूस, रंगातलं तुले काय समजते! पण चित्रातली ती लाल गाडी पाहिली अन् बोललेलं वापस घेतलं. कोपऱ्यात उभ्या माणसाचा चष्माही दिसते तिच्या दारात.

तू म्हणतो, दादा, तुले एक घेऊन पाठवतो, कोणती ते तू निवड. दोन पंख्यांची का तीन पंख्यांची. बाप्पा, अशी घाई नको करू. मशीन म्हणजे का चप्पल आहे, नाई बसली तर दुसऱ्याले देऊन टाकली? मी विचारतो त्याचे जवाब आधी नीट लिही.

कॉम्प्रेसरची हवा जोरात येते. रंग गाडीवर आदळते अन् अर्धा वापस उडते, त्याचं धुकं होते. आपलं अंगण केवढं आहे तुले माहीत आहे. टिनाच्या शेडात एक गाडी उभी केली का मांजरीले जागा उरत नाई. मागच्या आठवड्यात काटोलच्या बाबारावची फियाट हिरवी करून राहिलो होतो. बाबाराव म्हणजे ते संत्र्याचे दलाल, दरसाल आपल्याकडे करंडी पाठवतात ते. वारा फिरला, अन् बाजूच्या यमुताईनं गच्चीवर कुरड्या टाकल्या होत्या. संध्याकाळी यमुताई परात घेऊनच दारात उभी. म्हणे, "देवाजी भाऊ, ह्या कुरड्या आता तळू का आरटीओत नेऊ?" सगळ्या कुरड्या हिरव्या! तुझी वहिनी इतकी हासली का तिले ठसका लागला. मंग दोन दिवस यमुताईच्या घरी बसून तिनं नव्या कुरड्या घालून देल्या, गुडघ्यासकट.

तर धुकं खरंच कमी होते का, हे पाय. दुकानदाराचं ऐकून लिहू नको. ते पांढरा रंग मारून राहिले असतील तिथं काळा शर्ट घालून दहा मिनिटं उभा राय, अन् मंग शर्ट पाय. आजकाल आपण शेडाले चारही बाजूनं पडदे लावून काम करतो. पडदे काहून, विचारू नको. धूळ येते. पडद्याच्या आत धुकं झालं का सरळ छातीत जाते. छातीले त्रास नाई झाला पाहिजे.

पुस्तकात थर्मामीटरचं चित्र आहे, म्हणजे हवा गरम निघत असन. नागपूरचं ऊन तुले सांगाले पाहिजे का? मे महिन्यात बंदुकीतून निघालेला रंग गाडीवर पोचाच्या आधीच वाळते, हात फिरवला का खसखशीसारखा लागते. वरून मशीनही गरम हवा देईन तर आपण गाडी रंगवून राहिलो का पापड भाजून राहिलो? पण गरम हवा कोरडी असते, हे मले समजते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी जमते, ते रंगात उतरते अन् गाडीवर पांढरा बुरा चढते. ते दुखणं जाईन. बाकी उन्हाळ्याचं मी उशिरा वाळणाऱ्या थिनरनं पाहून घेईन.

अन् बंदूक. रिकामी किती वजनाची, भरल्यावर किती? घोडा एका बोटानं दबते का दोन बोटं लागतात? मूठ जाड आहे का बारीक? हे जरूर पाय. सगळ्यात आधी हेच पाय.

पुलगावच्या पोराचं वाचलं. डेपोत कायम नोकरी आहे, चांगलं आहे. पण तू म्हणतो त्यांना मार्चात जयवंताले पाहाले येऊ द्या. मार्चात तिची टायपिंगची परीक्षा आहे. मार्च राहू दे.

अक्षर वाकडंतिकडं आलं त्याची माफी. पेन खराब आहे.

तुझा दादा,
देवाजी


इंदोरा, नागपूर
रविवार, १३ मार्च १९८३

प्रिय लहानू, जयभीम.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी अजून हासून राहिली. खरंच काळा शर्ट घालून उभा राहिला तू! तिथले ते केरळचे पेंटर तुले बह्याड समजले असतील. पण शर्टावर चार ठिपके, बस? चारच? मोजले का नीट? मंग मशीन खरी आहे बाप्पा. आपल्या कॉम्प्रेसरपाशी उभा राहिला असता तर लग्नातल्या नवरदेवासारखा पांढरा होऊन निघाला असता.

आता निवडाचं. तू लिहिलं का दोन पंख्यांची मशीन लहान घरगुती कामाले, दारं-खिडक्या रंगवाले. तीन पंख्यांची गाडीचा घट्ट रंगही बारीक फोडते. तर तीन पंख्यांचीच पाहिजे. पातळ रंग मारून गाडी चमकते, पण सहा महिन्यांत खालचं अस्तर दात दाखवते. नळी लांबातली लांब घेजो. मशीन शेडाच्या बाहेर ओट्यावर ठेवीन, म्हणजे ती साफ हवा ओढन, धुकं ओढून आपल्याच पंख्याले खाणार नाई. विजेच्या लाइनचं म्हणशीन तर सकाळी पाच वाजता लाइट चांगला राहते, आपलं काम तेव्हाच असते.

पण बंदूक मले तीन पंख्यांच्या मशिनीची नको. तू लिहिलं का ती जड आहे, मूठ मोठी आहे, दोन बोटांचा घोडा आहे. मले मोठी मशीन अन् तिले लहानातली लहान बंदूक पाहिजे. दुकानदार म्हणन जोडी तुटते, तर त्याले म्हण, जोडी आम्ही जमवू. नळीचं तोंड तेवढं बसलं पाहिजे.

तू विचारतो, दादा, तू तर एका हातानं जीपचं चाक उचलत होता, तुले बंदुकीचं वजन काहून एवढं लागून राहिलं? वय झालं गा. पन्नाशी आली. दिवसभर बंदूक धरून मनगट सुजते, संध्याकाळी मिठाच्या पाण्यानं शेका लागते. एवढं कारण पुरे नाई का?

मागं चपला पाठवाच्या होत्या तेव्हा तू सगळ्यांच्या पायाचं माप मागवलं होतं, कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवून. वहिनीचं माप पाहून तुले वाटलं होतं का दोन कागद चिकटले. तसंच ह्या पत्रात हाताचं माप ठेवलं आहे, खाकी कागदावर. उजवा हात, बोटं मोकळी. हा कागद दुकानात घेऊन जाय, अन् ह्या हातात बसन अशीच बंदूक घे. अंगठा कुठं येते अन् पहिलं बोट घोड्यावर पोचते का, नीट पाय. कागद घडी करून खिशात घालू नको, माप बिघडते.

कामाचं म्हणशीन तर पुष्कळ आहे. एक नवीन युक्ती केली. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या पाण्यात भिजवून शेडाच्या आतून टांगल्या. धूळ ताटीलेच चिकटते, हवा गार राहते अन् रंग हळूच वाळते. अशी एका वकिलाची गाडी निघाली का त्याचे शिपाईही पाहाले आले. वाळ्याचा वासही येते. वकील म्हणे, देवाजी, गाडीले अत्तर लावलं का?

पुलगाववाल्यांना एप्रिलही जमणार नाई असं कळव. परीक्षा पुढे गेली. जयवंता मजेत आहे.

तुझा दादा,
देवाजी

ता. क. पेन अजून तेच आहे.


इंदोरा, नागपूर
रविवार, २४ एप्रिल १९८३

लहानू,

जयभीम. तुझं पत्र वाचलं अन् लगेच लिहाले बसलो.

तू लिहितो, "दादा, माप पाहिलं अन् दोन दिवस घास गेला नाई. हा हात तुझा आहे? त्या हाताच्या थापडा मी दहा वर्षं खाल्ल्या, मले त्याचं माप तोंडपाठ आहे. तू एवढा सुकला, अक्षरही थरथरून राहिलं, अन् वहिनीनं मले एका शब्दानं कळवलं नाई. मी साहेबाले राजीनामा देऊन जूनमध्ये घरी येतो. मशीन गेली खड्ड्यात, आधी तुले मेडिकलमध्ये दाखवतो."

अरे बयताडा! राजीनामा देऊ नको. देला असशीन तर वापस घे, साहेबाचे पाय धर, काहीही कर. मी सुकलो नाई. दोन वेळा जेवतो, वहिनीशी भांडतो, जिन्याच्या पायऱ्या चढतो. तो हात माझा नाई.

तो हात जयवंताचा आहे.

घे, लिहिलं एकदाचं. तीन महिने हे वाक्य पेनाच्या टोकापाशी येऊन वापस जात होतं. म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठच कागदावर काढून तुले पाठवली, आता झाकू काय?

पेन खराब नाई, माझा उजवा हात खराब झाला. थरथरते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. डॉक्टर म्हणे, वीस वर्षं थिनरच्या वासात राहिले, आता तो वास सोडा. दुखत काही नाई, जीवाले धोका नाई, म्हणून घाबरू नको. पण थरथरत्या हातानं रंग मारता येत नाई.

दोन वर्षांखालची गोष्ट सांगतो. डॉक्टरचीच काळी अॅम्बेसेडर होती. काळा रंग म्हणजे आपला बाप, कोणाचीच चूक लपवत नाई. बोनटवर शेवटचा हात मारून राहिलो होतो, अन् माझा हात अडखळला. एका जागी रंग जास्त बसला अन् हा लांब ओघळ! मी बंदूक खाली ठेवली अन् स्टुलावर बसलो. रडू आलं गा मले, तुझ्यापासून कायले लपवू. जयवंता टायपिंगच्या क्लासले चालली होती, पुस्तक काखेत. तिनं पाहिलं. पुस्तक खिडकीत ठेवलं, थिनरच्या कपड्यानं ओघळ पुसला, पाण्याच्या कागदानं ती जागा घासली. मले म्हणे, "मोठेबाबा, तुमी हवेचा काटा पाहा, मी मारते." म्हटलं, "येते का वं तुले?" म्हणे, "सहा वर्षांची होती तेव्हापासून पाहून राहिली. न याले काय झालं?" उलट उत्तर अगदी तुझ्यासारखं.

तिचा पहिला हात खराब होता, खोटं बोलत नाई. दुसरा बरा झाला. तिसरा पाहून मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. तिचं मनगट चालते ना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीनं चालते, काठावर आलं का घोडा आपोआप सुटते. मले हे याले पाच वर्षं लागली होती, उस्तादाच्या शिव्या खाऊन. वहिनी म्हणाली, कानामागून आली अन् तिखट झाली.

तेव्हापासून सगळ्या गाड्या तीच रंगवते. मी घासाचं काम पाहतो, पोच्यांत पोटीन भरतो, गिऱ्हाइकाशी बोलतो. पडदे धुळीसाठी नाई, लोकांच्या डोळ्यांसाठी आहेत. वाळ्याच्या ताट्यांची युक्ती तिची. मिठाच्या पाण्यानं शेकावं लागते ते मनगट तिचं. कॉम्प्रेसरची बंदूक रंगासकट तिच्या हाताले भारी होते, अन् धुकं तिच्या छातीत जाते, म्हणून मी तुले तो शर्ट घालाले लावला.

टायपिंगचा क्लास तिनं त्याच महिन्यात सोडला. परीक्षा नव्हती, मार्चातही नाई अन् एप्रिलातही नाई. ती मले म्हणे, "मोठेबाबा, तिथं दुसऱ्यानं लिहिलेलंच पुन्हा लिहा लागते. मले हे जमते, मले हेच कराचं आहे." तू तिच्या क्लाससाठी पाठवत राहिला अन् मी घेत राहिलो. ते सगळं तिच्या नावानं पोस्टात ठेवलं आहे, एक पैसा इकडचा तिकडे नाई. पण खोटं ते खोटंच.

आता त्याहून वाईट सांगतो. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची आपल्या मोहल्ल्याची जीप तिनं निळी केली. तीन दिवस खपली. मिरवणुकीत लोकं जीपपाशी थांबून थांबून पाहत होते. दादाजी शेंडे, आपल्या मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाजी, काय निळा मारला! आरसा झाला आरसा. ह्या वयात असा हात!" अन् मी मान हालवली. हालवली गा मी मान. जयवंता पांढरी साडी घालून चार पावलांवर उभी होती, तिनं ऐकलं. मले वाटलं घरी आल्यावर रागावन. घरी आल्यावर म्हणे, "मोठेबाबा, जेवून घ्या, भाजी निवून राहिली." बस. रागावली असती तर बरं झालं असतं.

तू विचारशीन, मले काहून नाई कळवलं? लोकांना सांगत नव्हतो कारण गिऱ्हाईक पळन, हे खरं आहे. पण तुले न सांगाचं कारण वेगळं आहे. तिची माय, बायजा, गेली तेव्हा जयवंता सहा वर्षांची होती. तू तिले आपल्या ओट्यावर बसवलं, अन् म्हणाला, दादा, दोन महिने सांभाळ, भिलाईत बस्तान बसलं का घेऊन जातो. भिलाईचं मस्कत झालं. तेरा वर्षं झाली. आम्हाले लेकरू नाई. पहिल्या वर्षी वहिनी तुझ्या पत्राची वाट पाहत होती. मंग तुझं पत्र आलं का ती मले ते फोडू देत नव्हती, म्हणे ह्याच्यात पोरीले पाठवा असं तर नाई लिहिलं? मीही फोडत नव्हतो. ते दोन महिने संपूच नये असं मले तेरा वर्षं वाटत आलं, लहानू. तुले कळवलं असतं का तुझी पोरगी थिनरात हात घालून राहिली, तर तू म्हणाला असता, तुमच्यापाशी शिकाले ठेवली होती, अन् तिले घेऊन गेला असता नाई तर पुलगावले देऊन टाकली असती. त्या भेवानं मी गप्प राहिलो. माझं लेकरू नसताना मी तिले धरून बसलो, अन् धरून बसण्यासाठी तिच्याच बापाशी खोटं बोललो.

पण मी तिले कामाले जुंपलं असं मनात आणू नको. ते तेवढं खरं नाई. ती सकाळी पाचले माझ्या आधी उठते. गाडी झाली का पडदा सारून दहा मिनिटं नुसती पाहत बसते. त्या वेळी तू तिचं तोंड पाहाले पाहिजे होतं.

पुलगावचा पोरगा चांगला असन. लग्नाले माझी ना नाई. पण आधी तिले विचार. मले नाई, वहिनीले नाई, तिले. तू दर पत्राच्या शेवटी "जयवंताले आशीर्वाद" लिहितो, तेरा वर्षांत तिले वेगळं पत्र लिहिलं नाई. तीही तुले लिहीत नाई. कोणी आधी लिहावं यातच पोरगी एकोणीस वर्षांची झाली.

माप काढलं त्या दिवशी तिनं हात कागदावर ठेवला अन् मले विचारलं, "मोठेबाबा, बाबाले काय सांगसान, कोणाचा हात?" मी म्हटलं, "मापाले नाव कायले पाहिजे वं?" तिनं हात हालवला नाई. पेन्सिल माझ्या हातात थरथरत होती म्हणून करंगळीपाशी रेघ वाकडी गेली आहे. करंगळी तिची सरळ आहे.

मशीन पाठव नाई तर नको पाठवू. पोरीले घेऊन जाचं असन तर ये अन् घेऊन जाय, मी आडवा येणार नाई. पण तो कागद फेकू नको. त्यावर एकदा आपला हात ठेवून पाय. तू भिलाईले निघाला तेव्हा तिच्या पूर्ण मुठीत तुझं एकच बोट मावत होतं.

तुझा गुन्हेगार दादा,
देवाजी


इंदोरा, नागपूर
रविवार, ५ जून १९८३

प्रिय लहानू, जयभीम.

अक्षर पाहून समजलं असन. मी सांगून राहिलो अन् जयवंता लिहून राहिली. आता पेनचं नाव घ्याची गरज नाई.

सहा आठवडे तुझं पत्र नाई. वहिनीनं पोस्टमनचा पिच्छा पुरवला, शेवटी तो आपली गल्ली टाळाले लागला. मी म्हटलं, लहानू रागावला, त्याचा हक्क आहे. अन् मंगळवारी दुपारी तुझ्या गॅरेजातले रुपराव रिक्षातून उतरले, मांडीवर खोका घेऊन. दिल्लीपासून मांडीवरच आणला म्हणे, लहानूनं शपथ घातली होती. भला माणूस. त्याले जेवू घातल्याशिवाय वहिनीनं सोडलं नाई.

तीन पंख्यांची मशीन, लांब नळी, अन् बंदूक लहान. जयवंतानं हातात धरली. अंगठा जागेवर, बोट घोड्यावर. लहानू गा, अशी बसली का जशी तिथंच होती. (ही इथं हासून राहिली, लिहीत नव्हती. मी म्हटलं लिही.)

मी रुपरावले विचारलं, मापाचा कागद वापस देला का? तो म्हणे, दुकानदारानं मागितला तरी लहानूनं हातातून सोडला नाई. म्हणे, "माप माझ्यापाशी राहू दे." त्याच्या खाटेच्या वर भिंतीले लावला आहे. हे ऐकून ही उठून चूल पाहाले गेली. चूल विझली होती.

मंग खोक्यात तळाशी तुझी चिठ्ठी सापडली. तीनच ओळी. मले वाटलं शिव्या असतील. "दादा, राजीनामा देला नाई. पुलगावले सांगितलं, पोरीले विचारून कळवतो, घाई नाई, दसऱ्याले दीक्षाभूमीले येतो तेव्हा मीच तिले विचारीन. माझी जुनी सायकल शेडात टांगली असन तर जयवंताले सांग रंगवून ठेव, रंग तिच्या मनानं." चिठ्ठी वहिनीनं तीन वेळा वाचून घेतली. मले म्हणे, "तुमचा भाऊ तुमच्यापेक्षा शहाणा निघाला." आता हे काय लिहाची गोष्ट आहे? पण ही म्हणते लिहीन.

बुधवारी सकाळी मशीन चालू केली, पहिली तुझी सायकलच घेतली. आवाज मोठा आहे, चक्कीसारखा घरघरते. पलीकडच्या जिजाबाई गव्हाचा डबा घेऊन आल्या, त्यांना वाटलं गल्लीत नवी चक्की उघडली. यमुताईनं मुद्दाम गच्चीवर पांढरा टॉवेल वाळू घातला, परीक्षा पाहाले. संध्याकाळी टॉवेल घेऊन दारात. मी म्हटलं मेलो. तर म्हणे, "एक ठिपका नाई देवाजी भाऊ. आता लाग कामाले."

अन् आणखी एक. त्या दिवशी मी पडदे लावले नाई. सकाळी दूधवाला थांबला, पाणी भराले आलेल्या बाया थांबल्या, दादाजी शेंडे फिराले निघाले होते ते थांबले. म्हणे, "देवाजी, पोरगी मारून राहिली?" मी म्हटलं, "हो. जीपही तिनंच मारली होती. चौदा तारखेले तुमच्यापुढे मी खोटी मान हालवली." ते शेडात आले. मंग सायकलच्या दांडीकडे बोट दाखवून म्हणे, "इथून तिथपर्यंत एका दमात?" ही तोंडावरचा रुमाल न काढता म्हणाली, "हो." एक गिऱ्हाईक गेलं, वकील. बाकी आहेत. जाऊ दे.

आता हिचं हिले लिहू देतो. मी बाहेर ओट्यावर बसतो.

बाबा,

जयभीम. काय लिहू समजत नाई. बंदूक बरोबर बसली. करंगळी सरळ आहे.

सायकल काढली तेव्हा समोरच्या दांडीवर माझी लहानपणची बसाची गादी अजून बांधलेली होती, ती मी सोडून ठेवली, फेकली नाई. दांडीवरचा जुना रंग पूर्ण घासला, खालचे पोचे भरले, दोन हात अस्तर अन् तीन हात निळा मारला. जीपचा उरलेला निळा आहे. आज शेवटचा हात मारला, अजून ओला आहे, मोठेबाबाले पण जवळ येऊ देत नाई.

तुमी येईस्तोर वाळते.

तुझा दादा देवाजी,
हस्ते
जयवंता लहानू